कयाकमध्ये पाणी शिरतंय? सिलिकॉन राहू दे, आधी पाण्याची वाट शोध

आधी प्रश्न थोडक्यात सांगतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. भुसावळकडचा एक भाऊ आहे, त्याने दहा फुटी सिट-ऑन-टॉप (आत न शिरता वरच्या डेकवर बसून चालवायची) फिशिंग कयाक, म्हणजे वल्ह्याची छोटी बोट घेतली, हतनूर धरणाच्या बॅकवॉटरला नेतो, आणि दोन तासांनी काठावर ओढून मागचा ड्रेन प्लग उघडला की आतून ८-१० लिटर पाणी निघतं. सकाळी सहाला गेला तर कमी निघतं, अकराच्या पुढे गेला तर जास्त. स्वतःचं वजन ९५ किलो, वर गळ, डबे, छोटी बॅटरी. बसल्यावर बुड ओलं होतं म्हणून तळाच्या आरपार भोकांना त्याने रबरी बुचं मारलीत. दोन पायांच्या मधे एक चौकोनी हॅच, म्हणजे बोटीच्या पोटात उघडणारं झाकणवालं तोंड आहे. कुठेही तडा दिसत नाही. विकणारा म्हणतो थोडं पाणी सगळ्याच कयाकमध्ये येतं, मित्र म्हणतात सिलिकॉन मारून टाक. करू काय दादा?

भाऊ, सिलिकॉन मारू नको. विकणाऱ्याचं म्हणणंही सोडून दे, सिट-ऑन-टॉपचं पोट बंद असतं आणि ते कोरडंच राहायला पाहिजे, चमचा दोन चमचे घामासारखं पाणी साचलं तर ठीक, ८-१० लिटर म्हणजे अर्धी बादली झाली, त्याला थोडं म्हणत नाहीत. तू जे लिहिलंयस त्यावरून माझा अंदाज असा की तुझ्या बोटीला तडा गेलेलाच नाही, बोट जशी बनवली तशीच आहे, आणि बनवतानाच चुकलीय. हॅच जिथे ठेवलीय ती जागाच चुकीची आहे. अशा ठिकाणी तू कितीही चिकटवलंस तरी महिन्याभरात पाणी परत येणार, कारण पाणी तिथे उभं राहणारच आहे आणि ते झाकण रोज उघडझाप होणारच आहे. तेव्हा भोक बुजवण्याच्या मागे लागण्याआधी त्या जागी पाणी उभं का राहतं आणि तिथे भोक असायची गरज आहे का, हे बघ.

आता सगळं नीट सांगतो, लांबेल थोडं.

पहिली गोष्ट त्या आरपार भोकांची, त्यांना स्कपर म्हणतात. ते तळाला पाडलेलं भोक नसतं, डेकपासून तळापर्यंत गेलेली बंद नळी असते, म्हणजे डेकवर आलेलं पाणी त्यातून खाली जातं पण बोटीच्या पोटात जात नाही. ही नळी जिथे तळाला मिळते तिथला काठ हा सिट-ऑन-टॉपचा कायमचा दुखरा भाग, कारण तिथे प्लास्टिकची भिंत पातळ पडू शकते आणि लोक त्याच भोकात ट्रॉलीचे दांडे घालून दगडगोट्यांवरून ओढतात, मग काठाला केसासारखी चीर पडते. तुझ्याकडे ट्रॉली आहे का ते लिहिलं नाहीस. असेल तर बोट उलटी करून प्रत्येक स्कपरचा खालचा काठ नखाने फिरवून बघ, डोळ्याला दिसत नाही पण नख अडकतं.

पण खरी भानगड वजनाची आहे. कंपनी बोटीवर १२० किलो लिहिते, आपण समजतो १२० पर्यंत आरामात चालेल. तसं नसतं. साधारण त्याच्या दोन तृतीयांश वजनाला बोट नीट चालते, म्हणजे १२० ची असेल तर ८० किलो, सामानासकट. तू एकटाच ९५ आणि सामान धरून ११० च्या आसपास गेलास की बोट एवढी खाली बसते की पाय ठेवायच्या खोलगट जागेची फरशी बाहेरच्या पाण्याच्या पातळीच्या खाली जाते. मग स्कपरमधून पाणी खाली जायच्या ऐवजी वर येतं. तुझं बुड ओलं झालं ते त्यामुळे, त्याला गळती म्हणत नाहीत. तू बुचं मारलीस, खालून येणारं पाणी थांबलं, पण वल्ह्यावरून ठिबकणारं आणि लाटेने आत उडणारं पाणी आता बाहेर जायला वाटच उरली नाही, ते पायांपाशी साचतं, आणि बरोबर त्याच खोलगट जागेत, सगळ्यात खालच्या भागात, कंपनीने हॅच ठेवलीय. तिचा काठ फरशीपासून किती वर आहे ते पट्टीने मोज. समजा तो ६ ते ८ मिलिमीटर निघाला. म्हणजे सेंटिमीटरभर पाणी साचलं की झाकण पाण्याखाली.

हाच तो डिझाइनचा दोष. डिझायनरने बोट रिकामी असताना पाणी कुठवर येतं ते बघितलं, माणूस बसल्यावर कुठवर येतं ते नाही बघितलं. हॅच चालते, पण ती डेकच्या उंच भागावर पाहिजे, नाकाकडे किंवा सीटच्या मागे, आणि चारही बाजूंनी दाबून बसणारी पाहिजे. पायांच्या मधे खड्ड्यात चौकोनी हॅच देणं म्हणजे फक्त फोटोत छान दिसायला.

दुसरी गोष्ट उन्हाची, आणि ही आपल्याकडच्या माणसाने खास समजून घ्यायला पाहिजे कारण बाहेरच्या व्हिडिओत कुणी सांगत नाही. तू म्हणतोस सकाळी कमी आणि अकराच्या पुढे जास्त. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या घरात जातो, गाडीच्या टपावर बांधलेल्या बोटीच्या आतली हवा सहज ५५ अंशावर पोचते. ती बोट तू झाकणं घट्ट लावून ३० अंशाच्या पाण्यात टाकलीस. आतली हवा थंड होते, आकसते. हिशोब साधा आहे, ५५ वरून ३० वर आली की हवेचं आकारमान साडेसात टक्क्यांनी कमी होतं, बोटीच्या पोटात २०० लिटर हवा धरली तर १५ लिटर जागा रिकामी व्हायला बघते. तेवढी हवा किंवा पाणी कुठून तरी आत ओढलं जाणारच. डेक उन्हातच असतो त्यामुळे हवा पूर्ण थंड होत नाही, तळही थोडा आत दबतो, म्हणून निम्मं धर, तरी ७-८ लिटर झाले. आणि ज्या फटीवर त्या वेळी पाणी उभं असेल तिथून हवेच्या जागी पाणीच ओढलं जाणार. तुझ्या झाकणावर तर सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर पाणी उभंच आहे. म्हणजे झाकणाने साधं ओघळणारं पाणी अडवलं तरी ही ओढ त्याला झेपत नाही.

म्हणून हातात पाना घ्यायच्या आधी घड्याळ वापर. पाण्यात गेल्यावर पहिल्या अर्ध्या तासात प्लग उघडून बघ, काठावर येऊन, मधे नाही. पहिल्या अर्ध्या तासातच बहुतेक पाणी आलं आणि नंतर थांबलं तर ती उन्हाची ओढ. सारख्या वेगाने येतच राहिलं तर पाण्याच्या पातळीखाली कुठेतरी चीर आहे. शांत पाण्यात येत नाही आणि वारा सुटला की येतं तर हॅच, रॉड होल्डर (गळ खोचायची नळी) किंवा डेकवरची कुठली तरी फिटिंग. तुझ्या बाबतीत मला पहिलं आणि तिसरं दोन्ही एकत्र वाटतंय.

आमच्याकडे अहिराणीत बोट बघायला आलेला प्रत्येक जण पहिलं हेच विचारतो, पानी कथाईन ई ऱ्हायनं, म्हणजे पाणी कुठून येतंय? आणि उत्तर शोधायच्या आधीच ट्यूब दाबायला लागतो. शोधायची पद्धत सांगतो.

बोट सावलीत दोन जुन्या टायरवर ठेव, पोट जमिनीपासून वर राहिलं पाहिजे. हॅचमधून आत १५-२० लिटर पाणी ओत, जास्त नको, बोट भरून टाकशील तर २०० किलो पाण्याने तळ वाकेल आणि नवीन रोग लागेल. खाली कोरडे वर्तमानपत्राचे कागद पसर. आता बोट हळूहळू पुढे-मागे, डावी-उजवी कलती कर आणि प्रत्येक स्थितीत पाच मिनिटं थांब. कागद कुठे ओला होतो ते बघ. तळाची चीर, स्कपरचा काठ, ड्रेन प्लगचं वॉशर हे सगळं यात पकडलं जातं. प्लगचं वॉशर आधी बघ, पाच-दहा रुपयाच्या रबरासाठी लोकांनी बोटी विकायला काढल्यात.

डेकवरच्या फटींसाठी साबणाचं पाणी. यात आपल्या उन्हाचा फायदा होतो. पहाटे बोट गार असताना सगळी झाकणं आणि प्लग बंद कर, आठ-नऊला उन्हात आणून ठेव. आतली हवा तापून फुगते आणि बाहेर यायला बघते, पंप लागतच नाही. भांडी घासायचं लिक्विड पाण्यात कालवून ब्रशने हॅचच्या काठावर, प्रत्येक स्क्रूवर, रिव्हेटवर, हँडलच्या बोल्टवर लाव. जिथून हवा निघते तिथे बुडबुड्यांचा फेस फुगतो, खडूने खूण करत जा. बोट जास्त फुगायला लागली तर प्लग सैल कर, पंधरा-वीस मिनिटांत काम होतं. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची हवा चुकूनही भरू नको, एवढ्या मोठ्या पोटाला थोडासा दाबही भारी पडतो, सांधे उघडतील.

शेततळ्यात तरंगवून बघतो असं कुणी म्हणेल, तर नको. त्या प्लास्टिकच्या अस्तरावर पाय ठरत नाही, घसरला की वर येता येत नाही. टेस्टसाठी जीव कशाला धोक्यात घालायचा.

आता हॅच. झाकण उघड, बोटीच्या बाजूच्या काठावर पांढरा खडू घासून जाड थर दे, झाकणाच्या रबराला हात लावू नको. झाकण नेहमीसारखं बंद कर, लॅच लाव, तळहाताने कुठेही दाबू नको, आणि परत उघड. रबरावर खडूची रेघ उमटलेली असेल. ती अखंड पाहिजे. तुझ्या चौकोनी हॅचला दोनच लॅच असतील, आखूड बाजूंना, तर मी पैज लावतो की लॅचपाशी रेघ ठळक असणार आणि लांब बाजूंच्या मधोमध फिकी किंवा गायबच. कारण लांब बाजू मधे उचलली जाते, तिला दाबणारं कुणी नाही. आता त्याच जागी वहीच्या कागदाची बोटभर पट्टी घाल, झाकण बंद कर, ओढ. सरकन निघाली तर तिथे दाब शून्य. फाटली तर चांगलं. हीच टेस्ट दुपारी बोट तापल्यावर परत कर, फरक दिसेल, कारण हे प्लास्टिक मीटरला अंशामागे जवळपास ०.२ मिलिमीटर वाढतं, म्हणजे दहा फुटी बोट २५ अंश तापली की दीड सेंटिमीटरपर्यंत लांब होते. हॅचची चौकट पण त्याच हिशोबात ताणली जाते आणि झाकण पातळ असल्यामुळे वेगळं वाकतं. सकाळी दुकानात बरोबर बसणारं झाकण दुपारी हतनूरला बसत नाही त्याचं कारण हे.

आणि म्हणूनच सिलिकॉन टिकत नाही. मुळात या बोटी पॉलिथिलीनच्या, घराच्या गच्चीवर पाण्याची काळी टाकी असते त्याच जातीचं प्लास्टिक आणि त्याच रोटोमोल्डिंग पद्धतीने बनवलेलं. या प्लास्टिकला काहीच धड चिकटत नाही. सिलिकॉन, एम-सील, अराल्डाइट, फेविक्विक, डांबर, सगळे पहिल्या दिवशी चिकटल्यासारखे वाटतात आणि बोट एकदा तापून गार झाली की पापुद्र्यासारखे निघतात. वरून सिलिकॉनचा तेलकट थर मागे राहतो आणि पुढे खरी दुरुस्ती करायची म्हटली तर तोच आडवा येतो, वेल्डिंगही नीट धरत नाही. म्हणून पहिल्याच वाक्यात नको म्हटलं.

मग करायचं काय? मला विचारशील तर ती मधली हॅच कायमची काढून टाक. तुला तिचा उपयोग काय? मासेमारीचं सामान तू मागच्या टबात ठेवतोस, पायांच्या मधलं झाकण पाण्यावर उघडता येत नाही, उघडलंस तर धोका. भोक नसेल तर गळणार काय. दोन मार्ग आहेत.

एक, वेल्डिंग करून बंद करणं. ५-६ मिलिमीटर जाडीची पॉलिथिलीन शीट घेऊन हॅचच्या मापापेक्षा चारही बाजूंनी तीन-चार सेंटिमीटर मोठा तुकडा कापायचा आणि हॉट एअर गनने बोटीलाच वितळवून जोडायचा. जळगावात यासाठी लांब जावं लागत नाही, ठिबक आणि पाइपचं गाव आहे ते, एचडीपीई जोडणारे कारागीर सापडतात, गावोगावी टाक्या वेल्ड करणारेही फिरतात. पण त्यांच्या हातात बोट देताना शेजारी उभा राहा. टाकीवाला पेटता स्टोव्ह आणि तापलेली पट्टी घेऊन प्लास्टिक जाळतो, टाकीला चालून जातं, बोटीला नाही. धूर निघाला, रंग पिवळा-तपकिरी झाला की ते प्लास्टिक मेलं, ठिसूळ झालं, पहिल्या दगडाला फुटणार. हे प्लास्टिक १२५ अंशाच्या आसपास वितळतं, पृष्ठभाग ओल्यासारखा चकाकायला लागला की तोच क्षण, तेव्हाच रॉड दाबायचा. आधी वरचा थर ब्लेडने खरवडून ताजं प्लास्टिक उघडं करायचं, नुसतं पॉलिश पेपर मारून भागत नाही. भरायचा रॉड त्याच जातीचा पाहिजे, शक्य असेल तर बोटीचाच तुकडा, काढलेल्या हॅचच्या चौकटीतून पट्ट्या कापता येतात. टाकीचा तुकडा वापरायचा तर आतल्या फेसाळ थराचा घेऊ नको. आणि गरम वेल्डवर पाणी ओतून घाई करायची नाही, आपोआप गार होऊ दे. काही महागड्या बोटी क्रॉसलिंक पॉलिथिलीनच्या असतात, त्या वितळतच नाहीत, वेल्डिंग होत नाही, पण तुझी त्यातली असण्याची शक्यता कमी. खात्री करायला न दिसणाऱ्या जागेवरून नखाएवढी चिपळी कापून गरम करून बघ, वितळून वाहिली तर वेल्ड होईल.

दोन, वेल्डिंग नको असेल किंवा आत हात घालायला वाट हवीच असेल तर चौकोनी झाकण काढून तिथे शीटचा तुकडा बोल्टने बसव आणि त्यात गोल, आट्यांचं, ओ-रिंगवालं झाकण घाल, डेक प्लेट म्हणतात त्याला. गोल झाकण सगळीकडून सारखं दाबतं, चौकोनी कधीच दाबत नाही. पण परत तेच, त्या खड्ड्यात नको, जमलं तर सीटच्या मागे उंच जागी. बोल्ट स्टेनलेसचे, आतून मोठे वॉशर आणि नायलॉनवाले नट, आणि सांध्यात ब्युटाइल टेप, पत्र्याच्या शेडच्या सांध्याला लावतात ती. ती कायम चिकट आणि मऊ राहते, बोट वाढली आकसली तरी तीही सोबत ताणली जाते. बोल्टची भोकं अर्धा-एक मिलिमीटर सैल ठेव कारण डेक प्लेट दुसऱ्या प्लास्टिकची असते आणि दोघं सारखे वाढत नाहीत. पॉप रिव्हेट वापरू नको, साध्या पॉप रिव्हेटच्या मधून आरपार भोक असतं, त्यातून थेंब थेंब पाणी जातं. कंपनीने जे मारलेत त्यातले साबणाच्या टेस्टमध्ये बुडबुडे काढणारे असतील ते ड्रिल करून काढ आणि बोल्ट घाल.

हॅच ठेवायचीच असेल, समजा बोट विकायचीय म्हणून मूळ रूप हवंय, तर निदान रबर बदल. गाडीच्या दरवाजाला लागतं तसलं डी आकाराचं ईपीडीएम स्पंज रबर मिळतं. दाबल्यावर साधारण एक तृतीयांश जाडीने दबलं पाहिजे, त्याहून कमी तर गळणार, जास्त तर झाकण उचलणार. जोड तिरका कापून मिळव, आणि जोड कोपऱ्यात नको, सरळ बाजूला, लॅचच्या जवळ ठेव. लांब बाजूंना मधोमध एकेक पट्टा लाव, बोटीच्या बाजूला हुकसाठी नवीन भोक पाडू नको, शॉक कॉर्ड (लवचिक दोरी) आडवी टाकून दाब आला तरी चालेल. आणि ती स्कपरची बुचं पायांपाशीच्या जागेतली तरी काढ. सीटखालची राहू दे. पाय ओले होतील, होऊ दे, पाणी वर-खाली होत राहील पण बाहेरच्या पातळीपेक्षा जास्त साचणार नाही. सामान कमी कर, बॅटरी अगदी मागे न ठेवता सीटजवळ घे. हे सगळं करून पाणी अर्ध्यावर येईल, शून्यावर नाही, हे आधीच सांगतो.

उन्हाच्या ओढीचा उपाय फुकटचा आहे. गाडीच्या टपावर आणि काठावर हॅच आणि ड्रेन प्लग उघडे ठेव. पाण्यात टाकायच्या आधी बोटीवर पाच-सहा बादल्या पाणी मार किंवा बोट दहा मिनिटं पाण्यात तरंगत ठेव, प्लग असलेलं टोक काठावर चढवून, म्हणजे उघडा प्लग पाण्याच्या वर राहील, आणि आतली हवा गार झाल्यावरच बंद कर. कायमचं करायचं असेल तर नाकाच्या हँडलखाली, जिथे पाणी पोचत नाही अशा सगळ्यात उंच जागी बारीक व्हेंट काढून त्याला आतून वळसा दिलेली छोटी नळी जोडतात, हवा जाते-येते, पाणी चढत नाही.

रॉड होल्डरचं विसरलास. डेकमध्ये खोचलेली ती तिरपी नळी, बऱ्याच बोटीत ती खालून उघडी असते, म्हणजे डेकपासून थेट पोटात रस्ता. मागे नवापूरकडून उकाईच्या बॅकवॉटरला चालवणारा एक जण बोट घेऊन आला होता, त्याने हॅचला तीन वेळा रबर बदललेलं, आणि पाणी येत होतं मागच्या रॉड होल्डरमधून, लाट मागून आली की भसकन आत. तपासणं सोपं आहे, नळीत ग्लासभर पाणी ओत. राहिलं तर बंद, गेलं तर उघडी. उघडी असेल तर बुडाला टोपी बसवलेली नळी घाल, बाहेरच्या कडेखाली ब्युटाइल टेप. स्कपरच्या काठाला चीर निघाली तर टोकाला ३ मिलिमीटरचं भोक पाडून ती पुढे जायची थांबव, मग खरवडून वेल्ड कर, बाकी पद्धत वर सांगितली तीच.

आता जे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. तू म्हणशील ८ लिटर म्हणजे ८ किलो, त्याने काय होतं. वजनाने काही होत नाही, ते पाणी हलतं त्याने होतं. बहुतेक सिट-ऑन-टॉपच्या पोटात आडव्या भिंती नसतात, पाणी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आणि एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर पळतं. बोट थोडी डावीकडे कलली की सगळं पाणी डावीकडे, आणि ती आणखी कलते. मागचं बूड जड वाटायला लागलं, वल्हं मारूनही पुढे सरकत नाही, नाक वळवलं की हळूच झुलते आणि लगेच सरळ होत नाही, ही लक्षणं दिसली की सगळं सोडून काठ गाठायचा. मधेच झाकण उघडून उपसत बसायचं नाही.

आणि पॉलिथिलीन तरंगतं म्हणून बोट बुडणार नाही, हा भ्रम आहे. त्याची घनता ०.९४ च्या आसपास. २५ किलोची बोट पूर्ण पाण्याने भरली की तिच्याकडे उरते ती फक्त दीड किलोची उचल. स्टेनलेसचे बोल्ट, बॅटरी, नांगर यात ती संपली. अमेरिकेत २० फुटांखालच्या बोटींना पाणी भरल्यावरही तरंगायची कायद्याची अट आहे, पण त्यातूनसुद्धा कयाकला सूट आहे, म्हणजे हे काम तुझं तुलाच करावं लागणार. विहिरीत पोहायला शिकताना पाठीला हवाबंद डबा बांधतात ना, तेच बोटीच्या पोटात करायचं. ईपीई फोमचे लांब ठोकळे, पॅकिंगवाल्याकडे मिळतात ते पांढरे, नाकात आणि मागे घट्ट खुपस, लिटरला जवळपास एक किलो उचल मिळते. पैसे घालवायचे नसतील तर कोल्ड्रिंकच्या २ लिटरच्या २० बाटल्या, बुचं घट्ट करून, जाळ्याच्या पिशवीत बांधून, ४० किलोची उचल झाली. सुट्या टाकू नको, एका बाजूला पळतील. थर्माकोल नको, दाणे सुटतात आणि ड्रेन प्लग चोंदतो. आणि तो डब्यातून फवारायचा पीयू फोम तर अजिबात नको, तो फुगताना डेकला फुगवटा आणतो, वर्ष-दोन वर्षांत पाणी पितो, आणि त्यानंतर तळाला चीर पडली तर आतून काहीच करता येत नाही.

लाइफ जॅकेट अंगावर, सीटमागे नाही. मे-जूनमध्ये दुपारनंतर आपल्याकडे पश्चिमेचा वारा सुटतो, साक्रीकडे पवनचक्क्या उगाच नाही लावल्या, आणि हतनूर काय, गिरणा काय, लांबलचक उघड्या पाण्यावर तासाभरात लाटा उठतात. दुरुस्ती होईपर्यंत सकाळी नऊच्या आत परत यायचं आणि काठापासून ५० मीटरच्या पुढे जायचं नाही. हतनूरच्या गाळाचं तुला माहीतच आहे, काठ जवळ दिसतो पण उतरलं की मांडीपर्यंत आत, म्हणून उतरायची जागा आधीच ठरवून ठेव. पावसाळ्यात तर धरणाच्या अंगाला जाऊच नको, ४१ दरवाजे आहेत, कधी उघडतील ते तुला विचारून उघडत नाहीत.

कापाकापी सुरू करायच्या आधी मात्र थांब, कारण एक भोक पाडलंस की विकणारा म्हणणार तुम्हीच बिघडवली. वॉरंटी चालू असेल तर हॅचच्या काठाची उंची पट्टी लावून फोटो काढ, खडूच्या टेस्टचा व्हिडिओ काढ, प्लगमधून निघणारं पाणी मापाच्या भांड्यात धरून तोही व्हिडिओ, आणि बोटीवर छापलेल्या वजनाच्या मर्यादेचा फोटो. वजनाबद्दल ते बोलणारच, म्हणून एकदा ७०-७५ किलोच्या मित्राला सामान न घेता, बुचं काढून बसव आणि तेव्हाही पाणी येतं का ते रेकॉर्ड कर. तेव्हाही आलं तर त्यांच्याकडे उत्तर नाही. मग ईमेल कर, फोनवर बोलू नको, आणि बदलून द्या किंवा पैसे परत द्या असं स्पष्ट लिही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये उत्पादनातल्या डिझाइनच्या दोषामुळे झालेल्या इजा-नुकसानीसाठी उत्पादक जबाबदार असतो असं सरळ लिहिलंय, कलम ८४. पंधरा दिवसांत दाद दिली नाही तर आधी १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला तक्रार नोंदव, बऱ्याचदा तेवढ्यावरच माणसं जागी होतात, नाहीतर आपल्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात अर्ज कर. विकणारा मुंबईचा असो की दिल्लीचा, तू जिथे राहतोस तिथेच तक्रार करता येते, आणि तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करावी लागते, तेव्हा बिल आणि पेमेंटचा मेसेज जपून ठेव.